बाजारात गेलेला हात

आज मंगळवार, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहिलं, तर खाली एक बाई कासारापुढे बसून बांगड्या भरून घेत होती. घासाघीस करत होती, मोठ्याने हसत होती.

मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा या इमारतीच्या जागी आमचं जुनं घर होतं, त्याचं दारच बाजारात उघडायचं. पण सुनांनी उंबरा ओलांडायचा नाही. कासार ओट्यावर बसायचा आणि आम्ही दाराआडून नुसता हात बाहेर द्यायचो. "वहिनी, हात सैल सोडा," तो म्हणायचा. मी मुद्दाम ताठ धरायचे. बांगडी चढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ दाराच्या फटीतून बाजार दिसायचा. मिरच्यांचा ढीग, एखादा बैल, कुणाची तरी पाठ. कधी बांगडी फुटून रक्त यायचं. मला बरंच वाटायचं, कारण तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

आता अडवणारं कुणी नाही. गुडघेच जिना उतरू देत नाहीत.

"मला एकदा खाली ने गं," मी सुनेला म्हटलं.

"कशाला, आई? इथून अख्खा बाजार दिसतो की!"

दिसतो खरा. मी ग्रिलमधून हात बाहेर काढला. तेवढाच गेला.