हवालदारमामांची फेरी

देवाने माणसाला दोन हात जेवायला, नांगर धरायला आणि नमस्काराला दिले अशी आपल्यासारख्या सामान्यांची समजूत असते. आमच्या हवालदारमामांचे म्हणणे असे, की डावा हात समोरच्याची चौकशी करायला दिला आहे आणि उजवा हात त्या चौकशीचा निकाल सांगायला; जेवणबिवण ही त्या हातांची फावल्या वेळातली कामे. दिघीपासून चाकणपर्यंत इतक्या जणांना दुसऱ्याचे नाक कसे फोडावे हे मन लावून शिकवणारा, आणि तरीही इतका अहिंसक, असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी आज दोन अक्षरे लिहू शकतो त्यात माझ्या मास्तरांचा वाटा आहेच. पण त्या मास्तरांसमोर ताठ उभे राहायला मला मामांनी शिकवले.

मी मूळचा निघोज्याचा. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिलाच. पुढच्या शाळेसाठी दिघीला मावशीकडे राहिलो, आणि मावशीच्या घरासमोरच मामांचे अंगण होते. लढाईच्या काळात मामा पलटणीबरोबर समुद्रापलीकडे गेले होते. बाकीचे लोक तिकडून घड्याळे, कांबळी, फार तर एखादी जखम घेऊन आले. मामा बॉक्सिंग घेऊन आले. पेन्शनवर आल्यावर त्यांनी अंगणात चार खांब रोवले, त्यांना काथ्याचे दोर बांधले, चिंचेला भुशाचे पोते लटकवले आणि गावाला जाहीर केले, "ज्याला मार खायची हौस हाय त्यानं यावं. मारायचं मागनं शिकवीन." हातमोज्यांचे दोन जोड पलटणीतून आलेले होते. ते फाटले की भोसरीच्या कासीमभाईंच्या सायकलच्या दुकानात जात आणि ट्यूबची ठिगळे लेवून परत येत. कासीमभाई डोक्याला हात लावून म्हणत, "मामू, इत्ते पंक्चर तो सायकलकू बी नहीं होते!"

मामा सरळ असे कधी चाललेच नाहीत. डावा खांदा पुढे, उजवा मागे, अशी त्यांची चाल. देवळात जाताना मारुतीलाही ते खांदा दाखवूनच सामोरे जात. कुणी भेटले की रामराम करायच्या आधी त्याच्या हनुवटीकडे पाहत. हनुवटी वर दिसली की त्यांना राहवत नसे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टके म्हणत होते आणि मामांनी मांडवातून आवाज दिला, "नवरदेव, हनवटी आत! असा उगडा ऱ्हायलास तर संसारात टिकायचा न्हाईस!" नवरदेवाने घाबरून हनुवटी आत घेतली, ती पुढे वर्षभर तशीच होती असे बहीण सांगते.

पण मामांच्या तालमीचे खरे नवल म्हणजे तिचे घड्याळ. बॉक्सिंगची फेरी मिनिटांवर चालते, आणि मामांचे घड्याळ आगबोटीतच बंद पडले होते. म्हणून त्यांनी फेरी मामींच्या भाकरीला बांधली. अंगणाच्या कडेला चूल. मामींनी भाकरी तव्यावर टाकून उलथन्याने तव्यावर टोला दिला की फेरी सुरू. भाकरी भाजून टोपल्यात पडली आणि दुसरा टोला बसला की फेरी संपली. जगात इतरत्र फेऱ्या सारख्या असतील, आमच्याकडे त्या सरपणावर होत्या. बाभळीचे वाळले लाकूड असले तर सुटका लवकर. श्रावणात ओल्या शेण्या धुमसायला लागल्या की रिंगणातला गडी मार खाता खाता चुलीकडे आशेने बघायचा. मामींचे मामांशी बिनसले असले तर भाकरी हटकून जाड थापलेली असे. उलट एखाद्याच्या नाकातून रक्त आलेले दिसले, की मामी "मेल्यांनो, पुरं आता" म्हणत कच्चीच भाकरी तव्यावरून उचलत आणि टोला देत. त्या कच्च्या भाकरी मामा मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेत. फेरी लवकर का संपली, हे त्यांनी कधी विचारले नाही.

आता यातली एकच गोष्ट कडू होती, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. मामांच्या अंगणाला लागून कमरेइतकी दगडी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे गावची कुस्तीची तालीम. तिथले वस्ताद म्हणजे मामांचे सख्खे थोरले भाऊ. लहानपणी दोघे एकाच हौदात लाल माती खेळलेले. पण वस्तादांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा मारुती, लंगोट सोडून काकाच्या रिंगणात आला, आणि वस्तादांनी भर चावडीवर सांगितले, "धाकल्यानं माझं पोर फोडलं. हा ठोसाठोशीचा खेळ मर्दाचा असंल, तर पोरगं पुण्यात जिंकून दाखवू दे. त्या दिशी मी सोता त्याच्या अंगणात जाईन आन् माझ्या हातानं त्याला फेटा बांधीन. तवर त्याच्या दारचं पाणी मला वर्ज्य." वस्तादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मामांनी आपले रिंगण चालूच ठेवले. पण रोज सकाळी भिंतीपलीकडून शड्डूचा आवाज आला, की मामांचा पोत्यावरचा हात क्षणभर थांबायचा. मारुती जिंकावा असे आम्हा सगळ्यांना वाटे. मामांना मात्र मारुती जिंकून दादा घरी यावा असे वाटे.

पहिल्या वर्षी पुण्याच्या छावणीतल्या मैदानावर स्पर्धा झाली. अर्धे गाव ट्रकमध्ये बसून गेले. मारुतीने दुसऱ्याच फेरीत असा उजवा हात दिला, की समोरचा गडी रिंगणाच्या फळ्यांवर आडवा झाला. आणि मग जे झाले ते फक्त आमच्याच गावच्या पोराकडून होऊ शकत होते. वडिलांच्या तालमीत लहानपणापासून हाडात मुरलेले, ते त्या क्षणी वर आले. मारुतीने त्या पडलेल्या गड्यावर झेप घेतली, छातीवर बसला, दोन्ही खांदे फळ्यांना टेकवले आणि आता शिट्टी वाजवा म्हणून पंचाकडे पाहिले. आम्ही तर टोप्या, फेटे उडवले, हलगी वाजू लागली, मारुतीला खांद्यावर घेऊन आम्ही पार फाटकापर्यंत गेलो. मागून पंच धावत येत होते. तेही शाबासकी द्यायला येत असावेत, असे आम्हाला वाटले. त्यांनी मारुतीला बाद केले आहे हे आम्हाला समजावून सांगायला बराच वेळ लागला. ही हकिकत गावात पोचली तेव्हा वस्ताद भिंतीपलीकडून गडगडाटी हसले. "पाठ लावली न्हवं? मग झालं तर! माझं शिकवल्यालं इसारला न्हाई पोरगा!"

त्यानंतर मामांनी जे वर्ष काढले तसे वर्ष कुठल्या गुरूने काढले असेल असे मला वाटत नाही. पडलेल्या माणसापासून मागे सरायचे, कोपऱ्यात जायचे आणि तो उठेपर्यंत हात खाली सोडून थांबायचे, एवढे एकच ते मारुतीला शिकवत राहिले. शिकवायचे म्हणजे कोणीतरी पडायला हवे. तर मामा स्वतः पडत. सकाळी पडत, संध्याकाळी पडत. मामी चुलीपुढून ओरडत, "अवो, पडा, पर त्या चड्डीची माती कोण धुतंय ते तरी बगा!" पुढे पुढे मामांना वाटू लागले, की अंगणात कळून पडण्यात काही अर्थ नाही, अचानक पडायला हवे. मग ते कुठेही पडू लागले. भोसरीच्या बाजारात एकदा मिरच्यांच्या वाट्यांजवळ मामा धाडकन आडवे झाले. लोक धावले, कुणी फिट आली म्हणून नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. आणि मारुती? तो पार पलीकडे, कापडाच्या दुकानाच्या कोपऱ्यात हात सोडून शांत उभा. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आरं मुडद्या, चुलता मरतोय तुजा, आन् तू लांबनं बगतोस व्हय?" तिच्या पायाशी पडल्या पडल्या, नाकाला कांदा लावलेल्या अवस्थेत मामा समाधानाने म्हणाले, "शाब्बास! आता जमलं."

ही शिकवण मग मारुतीपुरती राहिली नाही, आम्हा सगळ्यांनाच चिकटली. पाटाच्या पाण्यावरून आमच्यातल्या एकाचे भाऊबंदांशी भांडण झाले. त्याने एक दिली, समोरचा बांधावर कोसळला, आणि आमचा गडी लगेच लांब लिंबाखाली जाऊन हात सोडून उभा राहिला. पडलेला शिव्या देत उठला, पाहतो तो मारायला जवळ कोणी नाही. "येवढ्या लांब कोन जातंय मारायला," असे म्हणून तो घरी गेला. मी स्वतः काही मोठा बॉक्सर झालो नाही. माझे नाक फार लवकर आड येई. पण कॉलेजात इंग्रजीच्या पेपरला मी गडबडून उठून जायला निघालो होतो, तेव्हा मामांचे शब्द आठवून पुन्हा बसलो होतो. "पेपर म्हंजी फेरी हाय बाळा. पहिल्या टोल्यालाच समदं खर्चू नगंस. आन् पडलास, तर उठायला तुला वेळ दिलेला असतो, तो घ्यायचा. त्यात लाज न्हाई."

दुसऱ्या वर्षी पुन्हा पुणे. पुन्हा ट्रक. या वेळी मारुती शेवटच्या लढतीपर्यंत पोचला. गर्दीच्या मागे, फेट्याचा शेमला तोंडावर ओढून एक माणूस उभा होता. पण तसे खांदे आणि तसल्या मिशा पंचक्रोशीत एकाच माणसाच्या होत्या, आणि मामांनी त्या पाहिल्या हे मी पाहिले. दुसऱ्या फेरीत मारुतीच्या ठोशाने समोरचा पलटणीतला उंच जवान खाली गेला. मारुती मागे सरला, कोपऱ्यात गेला, हात सोडून उभा राहिला. पंचांचे दहापर्यंतचे आकडे संपायच्या आत तो जवान उठला. पंचांनी लढा म्हणून खूण केली. मारुती जवळ गेला, आणि थबकला. जवानाचे हात लोंबत होते. तो मारुतीकडे नव्हे, मारुतीच्या खांद्यावरून कुठेतरी दूर पाहत होता. "हाण, मारत्या! हाण!" सगळा ट्रक ओरडत होता. खेळाच्या नियमात एक ठोसा पूर्ण बसत होता. त्या एका ठोशात कप होता, आणि मागे उभा असलेला थोरला भाऊ अंगणात येणार होता. मारुतीने कोपऱ्यातल्या मामांकडे पाहिले. मामांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. ते म्हणाले, "थांब. उभा हाय, पर त्यो अजून पडल्यालाच हाय."

मारुती मागे सरला. पंच त्याला ताकीद देत होते, लोक हुर्यो करत होते, आणि तो बोटाने, म्हणजे त्या ठिगळाच्या मोज्याने, जवानाचे डोळे दाखवत होता. तेवढ्या वेळात जवानाला श्वास सापडला. तिसऱ्या फेरीत तो ताजा होऊन आला आणि गुणांवर जिंकला. जाताना त्याने मारुतीला मिठी मारली. पण मिठीला गुण नसतात.

ट्रक रात्री उशिरा गावात पोचला. सकाळी मी अंगणात गेलो तर मामा चिंचेखाली बसले होते. भिंतीपलीकडे वस्ताद येऊन उभे राहिले. कित्येक महिन्यांनी दोघे समोरासमोर होते.

"धाकल्या," वस्ताद म्हणाले, "पोरगं हरलं."

"व्हय दादा."

"बोल म्हंजी बोल. मी तुझ्या अंगणात यायचा न्हाई."

"नगं येऊस."

वस्ताद जरा घुटमळले. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "पर भिंत निम्मी माझी हाय. हितवर यायला मला कुनाच्या बापाची भीती न्हाई." आणि त्यांनी तालमीतले घोंगडे आणून भिंतीच्या त्या अंगाला अंथरले.

पुढे रोज संध्याकाळी दोघे भाऊ भिंतीला टेकून बसू लागले, एक इकडून, एक तिकडून. वस्ताद आपल्या घरचा तांब्या घेऊन येत, मामींच्या हातचे पाणी पीत नसत. एकदा मी मामांना म्हटले, "मामा, शपथ वस्तादांची आहे. तुमची नाही. तुम्ही जा की पलीकडे." मामा म्हणाले, "मी गेलो म्हंजी त्याचा शबूद फुकट गेला का न्हाई? थोरला हाय त्यो."

मारुती पुढे पिंपरीला औषधांच्या कारखान्यात लागला. मी बी. ए. झालो, तेव्हा पेढे घेऊन आधी दिघीला गेलो. दोघे म्हातारे संध्याकाळच्या उन्हात नेहमीच्या जागी बसले होते, पण भिंतीला पाठ लावून नव्हे, आता तोंडाला तोंड करून. भिंत मात्र नव्हती. एका पावसाळ्यात ती ढासळली होती आणि नव्या सडकेच्या भरावाला कोणीतरी तिचे दगड ट्रकने नेले होते. तिच्या जागी गवत उगवलेला मातीचा उंचवटा तेवढा राहिला होता. तरी एकाचे घोंगडे त्या अंगाला होते, एकाचे या अंगाला, आणि दोघांचे तांब्ये निरनिराळे. पेढे आधी कोणापुढे धरावेत हे मला कळेना, म्हणून मी पुडा घेऊन मधल्या गवतावरच बसलो.

दोघेही एकदम ओरडले, "आरं, भिंतीवर काय बसतोस? पडशील!"