नागपूरकडे तोंड केलेली छत्री

थोरल्या भावाचा पहिला ठोसा मी गोल बाजाराजवळच्या एका दुकानात खाल्ला. टीव्हीला जोडायचे दोन डब्बे काचेवर शेजारी शेजारी मांडलेले, त्यांच्या पलीकडे दुकानदार आणि अलीकडे आम्ही दोघं सख्खे भाऊ. ठोसा असा बसला, की रिचार्ज न करता जगातले सगळे चॅनल मला डोळ्यांपुढे दिसले. त्यात दोन तर अजून सुरूच झालेले नव्हते.

कारण आईचं होतं. आई लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आली, ती ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात म्हातारी झाली. अंगणात पडून खुबा मोडला, तेव्हापासून ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर. सोबतीला टीव्ही होता. पण गल्ली खोदताना केबल तुटली आणि केबलवाला तिच्याबरोबरच गाडला गेला असावा, कारण तो पुन्हा दिसला नाही. मग आईच्या लक्षात आलं, की या घरात मराठी बोलणारा तो टीव्ही एकटाच होता. नातवंडं हिंदीत उत्तर देतात. सुनांना मराठी समजतं, पण त्या हिंदीत हसतात. आम्ही दोघं भाऊही कामावरून येताना जीभ तिकडचीच घेऊन येतो.

“मले हिंदी समजते,” आई म्हणाली, “पण समजणं येगळं अन् कोणी बोलून राहिलं असं वाटणं येगळं. मी चालली अमरावतीले, भावाकडं.”

मामाला फोनसुद्धा करून झाला होता. तो रविवारी न्यायला येणार होता. आई एकदा गेली की परत यायची नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. म्हणून मामा यायच्या आत घरात मराठी आणायची, या एका गोष्टीवर आमचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

“हा मोफतवाला घे,” दुकानात दादा म्हणाला. “एकदा डिशची छत्री लावली का जिंदगीभर पैसे भराची कटकट नाई. अन् मी साइटवर गेलो का बॅगेत टाकून नेतो. दगडावर छोटी छत्री ठेवली का जंगलात बी टीव्ही.”

दादा सडकेच्या कामावर असतो. महिन्यातला बराच काळ तो बस्तरच्या बाजूला तंबूत राहतो आणि त्याच्या सांगण्यानुसार अस्वलांशी पत्ते खेळतो.

“तू घेऊन जाशील, मंग आई काय पाह्यन? भिंत?”

“मी काय रोज जातो का बे?”

“अन् मोफतमध्ये मराठी कितीक येते? बोटावर मोजाले लागते. आईले मालिका पाह्यजे, बातम्या पाह्यजे, कीर्तन पाह्यजे. हा दर महिन्याचावाला घे. मराठीचा पूर्ण पॅक टाकून देतो मी.”

“अन् रिचार्ज भराचं भुलला का तुह्यं तोंड पाह्यन का आई? तुह्यं तोंड तर फुकटात बी कोणी पाह्यत नाई.”

यावर मी दादाच्या तोंडाविषयी काही बोललो. ते छापता येणार नाही. तेव्हा तो ठोसा आला. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझा कान धरला, आणि आम्ही दोघं पंख्यांच्या खोक्यांच्या डोंगरावर जाऊन पडलो.

“भैया, दोनों ले लो न!” दुकानदार ओरडला.

“तू बीच में मत बोल!” आम्ही एकदम म्हणालो. मग दोन्ही घेतले. मी माझा डब्बा पोटाशी धरून घरी आलो, त्यानं त्याचा काखेत मारला. रस्ताभर आम्ही एकमेकांना खांद्यानं ढकलत होतो. त्यात एक भाजीचा ठेला आडवा झाला आणि एका निरपराध गाईनं आम्हाला घाबरून शेण टाकलं.

खरं युद्ध शनिवारी गच्चीवर झालं. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा नवा मजला, तिसरीकडे पिंपळ. मोकळं आकाश दिसेल असा कोपरा एकच आणि त्या कोपऱ्यात लोखंडी पाइपही एकच. छत्री बसवायला आलेल्या माणसानं दादाच्या हातातला पाना पाहिला, माझ्या हातातला हातोडा पाहिला, “मैं खाना खाकर आता हूँ” म्हणाला आणि गेला. त्याचं जेवण अजून चालू आहे.

मी मोबाइलवर दिशा काढली. छत्री दक्षिणेकडे, जरा वर. दादानं तिचं तोंड पकडून पश्चिमेला फिरवलं.

“हे काय करून राहिला तू?”

“मराठी कुठून येते? नागपूरहून. नागपूर कुठी हाय? तिकडं.”

“दादा, ते उपग्रह आकाशात असते!”

“आकाशातच असन. पण नागपूरच्या आकाशात असन ना!”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही पटलं. आमच्याकडे लोणच्याचा मसाला, आईची लुगडी आणि भिंतीवरचं पंचांग, सगळं आजवर नागपूरच्या गाडीनंच आलेलं आहे. पण पटलं म्हणून भाऊ थोडाच सोडतात. मी छत्री दक्षिणेला ओढली, त्यानं पश्चिमेला. पाइप वाकला. मग त्यानं मला लाथ मारली.

पुढचं मी कमी करूनच सांगतो. त्यानं आपली छत्री ढालीसारखी धरली, मी माझी. पत्र्यावर पत्रा असा आदळला, की खालच्या देवळात लोकांनी आरतीला टाळ्या धरल्या. त्याच्या पान्यानं माझी भुवई फाटली. माझ्या डोक्यानं त्याचा ओठ फुटला. वहिनीनं वाळत घातलेल्या बिजौरीच्या वड्यांवर आम्ही लोळलो आणि पाठीला रक्त आणि उडदाचं पीठ सारखंच लागलं. माझा एक दात उडाला. तो बुढातलावात पडला असं पाऱ्यातले लोक सांगतात, आणि मी ते खोडून काढलेलं नाही.

आणि हे सगळं मराठीत. सख्ख्या भावाला हिंदीत मारताच येत नाही, हात हलका पडतो.

“भैताडा! तुह्या तंगड्या तोडून तुह्याच हातात देतो!”

“बह्याडा,” मी ओरडलो, “तुले लहानपणी म्हशीनं लाथ मारली व्हती, तवाच तिचे पाय धराले पाह्यजे व्हते आम्ही!”

“अबे टोणग्या, नरडं सोड माह्यं!”

“पह्यले तू माह्यं बोट सोड, चावून राहिला का खाऊन राहिला?”

तेवढ्यात खालून आईची हाक आली. अंगणात पडल्यापासून इतकी खणखणीत हाक तिनं मारली नव्हती.

“खाली येऊन भांडा रे! वरचं मले अर्धंच आयकू येऊन राहिलं!”

आम्ही एकमेकांची मानगूट धरूनच जिना उतरलो. आई खाटेवर उशीला टेकून बसलेली, डोळे चकचकीत.

“म्हशीचं काय म्हटलं यानं? पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. दादानं उत्तर म्हणून माझा डब्बा भिंतीवर फोडला. मी त्याचा डब्बा अंगणात नेऊन पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं त्याची चटणी केली. आई मधे मधे दुरुस्त्या सांगत होती. “असं नाई म्हणत, ‘मुडद्या’ म्हणाचं. तुमचा बाप म्हणे.”

रविवारी मामा जीप घेऊन आला. दादाचा ओठ वांग्याएवढा, माझा डोळा मिटलेला, आणि टीव्ही काळा ठिक्कर. मामानं हे सगळं पाहिलं आणि हळूच विचारलं, “ताई, सामान बांधलं का?”

“काहून बांधू? घरात बोलून राहिले ना आता,” आई म्हणाली. “हा थोरला ‘उद्या पाह्यतो तुले’ म्हणून गेला काल. अजून पाह्यलं नाई त्यानं. बस तू बी. चहा घे.”

मामा खाटेच्या कडेला बसला. दादानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बाह्या वर सारल्या. मी उठून दार लावून घेतलं.