सहा खलाशी आणि एक शिक्का

फरिदा पावसकर चिडली की आवाज चढवत नसे, टेबल आवरायला घेई. मस्कतमधल्या रुवीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकोणीस वर्षांत तिने टेबल किती वेळा आवरलं असेल त्याला गणती नाही. ती खोली म्हणजे एका परक्या देशाची वकिलात होती आणि तिथे चिडायला रोज काही ना काही मिळायचं.

देशाचं नाव राहू दे. सांगितलं तरी नकाशात शोधायला भिंग लागेल. चार बेटं, दीड लाख वस्ती, आपला एखादा तालुका बरा. पण देश म्हटला की राजदूत आले, त्यांच्या गाड्या आल्या, मेजवान्या आल्या. हा डामडौल चालवायचा कशावर? तर या देशाने दोन युक्त्या काढल्या होत्या. पहिली अशी की जिथे स्वतःच्या खर्चाने वकिलात परवडत नाही तिथे एखादा स्थानिक व्यापारी गाठायचा, त्याला मानद कॉन्सल म्हणून सनद द्यायची आणि जागा, वीज, कारकून सगळं त्याच्याच खिशातून चालवून घ्यायचं. मस्कतचा मानद कॉन्सल म्हणजे फरिदाचा मालक. सगळे त्याला नुसतं अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. रुसैलला त्याचं टाइल्सचं गोदाम होतं आणि वकिलातीची एकुलती एक कर्मचारी असूनही फरिदाचं नाव त्या गोदामाच्या हजेरीपटावर होतं. बदल्यात अर्बाबला काय मिळे? गाडीला वेगळी नंबरप्लेट, मोठ्या लोकांची आमंत्रणं आणि कार्डावर नावाखाली एक सोनेरी ओळ. माणूस वाईट नव्हता, ईदला आठवणीने हलवा पाठवायचा. पण त्या सोनेरी ओळीत त्याचा जीव अडकलेला होता.

दुसरी युक्ती जहाजांची. हा देश आपला झेंडा भाड्याने द्यायचा. जहाजाचा मालक कुठला, खलाशी कुठले, कशाशी काही संबंध नाही. टनामागे वर्षाची ठरलेली रक्कम भरा आणि खुशाल आमचा झेंडा लावा. या नोंदणीचं कामही देश स्वतः करत नव्हता, ते तिसऱ्याच देशातल्या एका कंपनीला दिलं होतं. त्या रकमेतून राजदूतांचे पगार निघत. कुठल्याशा समुद्रात कुणी खलाशी इंजिनाच्या धगीत भाजून निघत होता, म्हणून कुठल्याशा राजधानीत साहेबांच्या पेल्यात बर्फ पडत होता. फरिदाचे वडील पावस गावाहून जाऊन तीस वर्षं बोटीवर राबले होते. तिला हे गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२०१७ च्या ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, इज इट कॉन्सुलेट? माय नेम इज दयानंद मयेकर, सेकंड इंजिनिअर..."

"मयेकर? मराठी बोला, भाऊ."

पलीकडचा माणूस भडाभडा बोलायला लागला. सोहार बंदराच्या बाहेर समुद्रात त्यांचं जहाज चार महिने नांगरून पडलं होतं. मालकाने फोन उचलणं बंद केलं होतं, एजंटने हात वर केले होते. सहा जण उरले होते. तांदूळ आणि पाणी बंदरातली माणसं दया येऊन पाठवत होती. आणि आचारी उत्तम सकपाळ, दापोलीकडचा, साखरेचा पेशंट, त्याच्या पायाला डब्याचा पत्रा लागून जखम झाली होती. इन्सुलिन कधीच संपलं होतं. अंगठा काळा पडायला लागला होता.

"बंदरवाले काय म्हणतात?"

"ते चांगले आहेत हो ताई. म्हणतात, बोट पाठवतो, हॉस्पिटलला नेतो. पण याची कागदपत्रं संपलीत, एजंट नाही, मग जबाबदार कोण? ज्या देशाचा झेंडा आहे त्यांचं एक पत्र आणा, शिक्क्याचं. बस्स, एक पत्र."

एक पत्र! फरिदाला ते दहा मिनिटांचं काम वाटलं. तिने पत्र टाइप केलंसुद्धा. पण वकिलातीच्या नियमात एक कलम होतं, जहाजासंबंधी कुठल्याही पत्रावर नोंदणी कंपनीने दिलेला मंजुरीचा नंबर असल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. तिने कंपनीला मेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या मेलबद्दल आभार. सदर जहाजाची वार्षिक रक्कम भरलेली नाही. ती भरेपर्यंत नंबर देता येणार नाही. आपला दिवस आनंदात जावो.

तिने ते उत्तर दोनदा वाचलं आणि टेबल आवरायला घेतलं. ही कसली रीत? मालक पळाला, त्याने पैसे बुडवले, आणि शिक्षा कुणाला, तर ज्याचा पाय सडतोय त्या आचाऱ्याला! वर म्हणे दिवस आनंदात जावो.

राजदूताला विचारावं, तर राजदूत मस्कतला नव्हताच. एकच साहेब दुसऱ्या एका राजधानीत बसून सात देशांचा कारभार बघायचा. फरिदाने फोन लावला, लागेना. दोन दिवसांनी कळलं की दूतावास स्वस्त जागेत हलवला आणि नवा नंबर अजून कुणाला कळवलेलाच नाही. मेल गेले ते गेलेच. साहेबांची स्वारी पुढच्या बुधवारी राष्ट्रीय दिनाच्या मेजवानीला मस्कतला येणार होती, तोवर कुणी वाली नाही.

ती अर्बाबच्या केबिनमध्ये गेली. अर्बाब मेजवानीचा मेन्यू बघत होता.

"अर्बाब, आदमी का पैर जा रहा है."

"मालूम है, फरिदा. दुख है." अर्बाबने खरंच कपाळावर हात ठेवला. "लेकिन नंबर नहीं तो मोहर नहीं. कल को मेरी सनद चली गयी तो? साहब आएगा, उनसे बात करेंगे, इन्शाल्ला. अभी खलास."

फरिदाच्या अंगाचा तिळपापड झाला. दयानंद रोज फोन करत होता. आता नुसता अंगठा नाही, शेजारची बोटंही. आता वास येतो. आता उत्तम रात्रभर आईला हाका मारतो. बुधवारपर्यंत थांबायचं म्हणजे काय ते तिला कळत होतं, आणि मेन्यूतल्या कोळंबीवर चर्चा करणाऱ्या त्या केबिनमध्ये ते दुसऱ्या कुणाला कळून घ्यायचं नव्हतं.

आता ही मेजवानी म्हणजे काय प्रकरण होतं तेही ऐका. वकिलात चालू ठेवायची की नाही, हे वर बसलेले लोक मेजवानीच्या फोटोवरून ठरवत. फोटोत आपली माणसं किती आहेत ते मोजायचं. पण अख्ख्या ओमानमध्ये त्या देशाचे नागरिक होते तीन. एक नर्स, एक शिक्षक आणि एका पायलटची बायको. तिघांवर फोटो कसा भरणार? म्हणून अर्बाबने फार वर्षांपूर्वी टूम काढली होती. ओमानच्या बंदरांत आपल्या झेंड्याचं कुठलंही जहाज असलं की त्यावरच्या लोकांना आमंत्रण द्यायचं. आणि अर्बाबला शिक्क्याची भारी हौस, त्यामुळे प्रत्येक आमंत्रणावर वकिलातीचा गोल शिक्का. त्यासाठी कुणाच्या नंबराची गरज नव्हती. आमंत्रणाला कसला आलाय नंबर?

सोमवारी दुपारी आमंत्रणांची पाकिटं भरताना फरिदाचा हात थांबला. जहाजांच्या यादीत ते नाव होतंच की! रक्कम भरली नाही म्हणून पत्र नाही, पण यादीतून नाव काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मेजवानीला माणसं कमी पडायला नको होती ना.

तिने वकिलातीचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'श्री. उत्तम सकपाळ, आचारी, यांना आमच्या राष्ट्रीय दिनाच्या समारंभासाठी सन्मानाने आमंत्रित करण्यात येत आहे. त्यांच्या किनाऱ्यावरील वास्तव्याची जबाबदारी ही वकिलात घेत आहे.' शिक्का मारला. असा मारला की टेबलावरची पेनं उडाली. सहाही जणांना बोलवायचं तिच्या मनात आलं होतं. पण झेंड्याच्या देशाच्या पत्राशिवाय जहाज अगदी मोकळं सोडता येत नाही आणि एकदम सहा नावं दिसली तर कुणीतरी चौकशी करेल, म्हणून तिने मन मारलं.

नवरा इक्बाल गोदामातून आला तेव्हा ती गाडीची चावी हातात घेऊन उभी होती.

"अगो, डोकं फिरलं काय तुझं? नोकरी जायल. माझीपन जायल, तोच अर्बाब हाय माझा."

"जाऊ दे. तू चालवतंस का मी चालवू?"

इक्बालने निमूट चावी घेतली. दोघं दोनशे किलोमीटरवरच्या सोहारला निघाले. वाटेत खाबुऱ्याला चहाला थांबले, तेव्हा त्याने एकदाच विचारलं की पकडलं तर काय सांगायचं. फरिदा म्हणाली, खरं सांगायचं, जेवायला बोलावलंय.

सोहारच्या बंदर कचेरीतल्या ओमानी अधिकाऱ्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"बाई, समारंभ बुधवारी आहे. आज सोमवार."

"हो."

"आणि पाहुण्याला चालता येत नाही."

"येत नाही."

त्याने शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग फोन उचलून अरबीत म्हणाला, बोट काढा, ॲम्ब्युलन्स बोलवा, यल्ला. आणि फरिदाला म्हणाला, "आमच्याकडे पाहुणा दोन दिवस आधी आला तरी चालतो." फरिदा इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, तीही रागानेच. जे काम या परक्या माणसाने एका मिनिटात केलं, त्याला तिच्या वकिलातीने नऊ दिवस घालवले होते.

ते नऊ दिवस भोवले. मंगळवारी डॉक्टरांनी उत्तमचा उजवा पाय घोट्याच्या वर कापला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाला, आठवड्यापूर्वी आणला असता तर दोन बोटांवर निभावलं असतं.

बुधवारी मेजवानी झाली. कोळंबी छान झाली होती म्हणे, फरिदा काही जेवली नाही. अर्बाबला एव्हाना सगळं कळलं होतं आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. पण राजदूताच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा भलतंच झालं. साहेब खूश झाला! आमच्या वकिलातीने संकटातल्या खलाशाला वाचवलं, वार्षिक अहवालात यासारखं दुसरं काय हवं? यंदा वरचे लोक सात देशांतल्या कचेऱ्या कमी करायच्या बेतात होते. एक फोटो हवा होता.

गुरुवारी सकाळी साहेब, अर्बाब, एक फोटोग्राफर आणि फरिदा अशी वरात सोहारच्या हॉस्पिटलात पोचली. साहेब तसा थकलेला दिसणारा, मऊ बोलणारा म्हातारा होता, कोटाची बाही झिजलेली. दुसऱ्या कुठल्या दिवशी फरिदाला त्याची कीव आली असती. त्याने उत्तमच्या हातात फुलं दिली, खाटेशेजारी उभा राहिला आणि फोटोग्राफरला हळूच म्हणाला, "पायांवर ब्लँकेट नीट घ्या."

फरिदाने पुढे होऊन ब्लँकेट ओढून बाजूला केलं. बँडेज उघडं पडलं.

साहेबाने घसा खाकरला. "त्याला विचारा, आमच्या सरकारला त्याला काही सांगायचं आहे का?"

फरिदाने मराठीत विचारलं. या लोकांना राग येईल असं काही उत्तमला बोलायचं नव्हतं. तो अगदी अदबीने म्हणाला, "ताई, साहेबांना म्हणावं, लई उपकार झाले. जहाजावर अजून पाच जण आहेत. त्यांनापण जेवायला बोलावता येईल का?"

फरिदाने ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. साहेब खाली बघायला लागला. अर्बाब पुटपुटला, "फरिदा, नॅशनल डे तो साल में एक ही बार होता है."

एकोणीस वर्षांत फरिदाने आवाज चढवला नव्हता. त्या वॉर्डात चढवला, तोही इंग्रजीत, साहेबाला कळेल असा. "तर मग मेजवानी नको, पत्र द्या! यांनी राबायचं, यांच्या जिवावर तुमच्या कचेऱ्या चालायच्या, आणि माणूस सडायला लागला की नंबर आणा? लाज वाटत नाही? राजदूताने स्वतः सही केली तर नंबर लागत नाही, तुमच्याच नियमात आहे. दहाव्या पानावर."

तिने पर्समधून पाच पत्रं काढली, पाच नावांची, त्यांना किनाऱ्यावर उतरवून घेण्याची, आदल्या रात्री टाइप केलेली, आणि उत्तमच्या जेवणाच्या टेबलावर साहेबासमोर ठेवली. साहेबाने अर्बाबकडे पाहिलं, अर्बाबने भिंतीकडे. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत होता. फरिदा त्याच्या आणि खाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि पाचवी सही होईपर्यंत तिने एकही फोटो काढू दिला नाही.