‘येते’ म्हणायचं नाही

माझ्या मुलीला मी महिनाभर फसवलं, आणि तेही रोज सकाळी, हसतमुखानं. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र रडायची पाळी आली होती.

ती सहा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांनी सांगितलं, हिला ऑटिझम आहे. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्यांना आधी रिक्षाच आठवली. "ऑटोचा काय झाला गो?" नीट समजावल्यावर त्यांनी नातीला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "आमचां चेडू आसा तसां बरां आसा." त्यांच्यापुरता विषय संपला. माझा संपेना, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती.

शाळा आमच्या पार्से गावातलीच, गाव सोडून कुठे जायला नको. सरकारी, मराठी, दोन बाई, घरापासून पाच मिनिटांवर. मी डॉक्टरांचा दाखला आणि अर्ज घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. जागा रोज एकच द्या, घंटा वाजायच्या आधी तिला सांगा, आणि तालुक्याहून खास शिक्षिका येतात त्यांना आमच्याकडे पाठवा, एवढंच मागणं होतं. बाईंनी सगळं वाचलं, मान डोलावली आणि जनेलाशेजारची जागा लगेच दिली. खिडकीतून समोरच फाटक दिसत होतं.

पण पोर जागेवर बसेल तर ना! मी सोडून निघाले की ही फाटकाचे गज धरून उभी. हात धरून आत नेलं की किंचाळायची, सोडलं की परत फाटकापाशी. पाऊस आला तरी तिथंच, बाई मागे छत्री धरून. महिनाभर हे चाललं. शेवटी बाई म्हणाल्या, "गणपतीत चवथीची सुट्टी पडेपर्यंत बघूया. नाही जमलं तर तिच्यासाठी लांबची खास शाळा बघावी लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गावातलं मूल गावातल्या शाळेत नाही तर कुठं जाणार हो?" म्हटलं आणि तरातरा निघाले. घरी आल्यावर मात्र सकाळी अंधारात गाडीत बसून अनोळखी माणसांत जाणारी माझी पोर डोळ्यांसमोर यायला लागली. मला ते अजिबात नको होतं.

त्याच आठवड्यात खास शिक्षिका आल्या. तासभर गोड बोलून त्यांनी तिला जनेलापाशी बसवलं, चित्रं काढायला दिली. निघताना म्हणाल्या, "येते हां, बाळा." झालं! ही उठली ती थेट फाटकापाशी. शिक्षिका रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्या आणि विसरलेली छत्री घ्यायला परत आल्या. त्यांना बघून आमचं ध्यान हसलं, फाटक सोडलं आणि आपणहून वर्गात जाऊन बसलं.

शिक्षिकेनं मला बोलावून विचारलं, "सकाळी सोडताना तुम्ही काय म्हणता हिला?"

"काय म्हणणार? येते म्हणते."

त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कपाळावर हात मारला. आई येते म्हणाली, म्हणून पोर आईची वाट बघत उभी! तिच्या लेखी मीच खोटारडी होते. तिला जवळ घेऊन मी तिथंच ढसाढसा रडले, आणि तिनं मला ढकललं, कारण तिचं चित्र चुरगळत होतं.

उपाय सोपा होता, ‘जाते’ म्हणायचं. पण आमच्यात घरातून निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? सासूबाई तर भडकल्याच. "असला अभद्र तोंडातसून काढू नको!" सासरे शेवटचे घराबाहेर पडले तेव्हा घाईत ‘जातंय’ म्हणून गेले होते, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "जाते. साडेबारा वाजता येते." बाकीच्या आया माझ्याकडे बघायलाच लागल्या. लेकीनं माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. मी मान हलवली. ती फाटकापाशी रेंगाळली, पण गज धरले नाहीत.

मग बाईंनी जनेलाजवळ कागदाचं घड्याळ लावलं. चार दिवसांनी ती दारापर्यंत गेली, आठवड्यानं जागेवर बसली. घंटेआधी बाई तिच्याजवळ येऊन सांगायच्या, ती कान झाकून तयार. बाईंना स्वतःलाच सवय लागली, "मी ऑफिसात जाते, दहा मिनिटांनी येते." पोरं त्यांची नक्कल करायची.

चवथीला चार दिवस उरलेले आणि मला नेमकं डिचोलीला जाणं भाग होतं. शाळेत सोडायला सासूबाईंशिवाय कोणी नाही. बसमध्ये मी सारखी फोन काढून बघत होते. या ‘येतंय’ म्हणणार आणि सगळं मुसळ केरात! दहाच्या सुमारास बाईंचा फोन आला. वाटलं, संपलं.

बाईंना हसू आवरत नव्हतं. सासूबाईंनी म्हणे आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला, मग डोळे पुसत मोठ्यानं म्हणाल्या, "जातंय गो बाय. साडेबाराक येतलंय." पोर आत गेली. पण ‘जातंय’ म्हणून खरंच जायचा म्हातारीला धीर होईना. त्या फाटकापाशीच थांबल्या, गज धरून. तासाभरानं जनेलातून नातीला त्या दिसल्या. ती बाईंना सांगून फाटकापाशी आली, म्हणाली, "आजी, तू जाते म्हणालीस. जा." आणि वळून वर्गात गेली.

संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माका हाकललान गो शाळेतसून!" एवढं खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या होत्या, "चवथीनंतर पाठवा मुलीला, तिची जागा पक्की. सासूबाईंना मात्र समजावा हो, सोडून निघाल्या की फाटकापाशी उभं राहायचं नाही."