फोरमनदादा आणि सुझोऊची बाग

"आधी वाजवायचं, मग इचारायचं," असं फोरमनदादा म्हणायचे आणि म्हणता म्हणता उजवी बाही कोपरापर्यंत सारायचे. बाही वर गेली की माणसं आपापल्या मशीनमागे सरकायची. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एकजण असेलच, ज्याच्या डोक्यापेक्षा हाताचीच ख्याती मोठी.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची फाउंड्री. मी खरेदी विभागात, ते फोरमन. त्यांचं गाव कुरुंदवाड. एकदा लोखंडाचा तापलेला रस ओतताना एक कामगार मोबाइलवर बोलत होता. दादांनी त्याला असा हाणला, की ओठ फाटला. मग स्वतःच त्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेला आणि टाके पडेपर्यंत त्याचं डोकं पोटाशी धरून उभे राहिले. ही गोष्ट आम्ही हसत हसत सांगायचो. त्यांची बायको मलकापूरला माहेरी निघून गेलीय, हे मात्र कुणी हसत सांगत नसे.

नवीन मशीन बघायला मालकांनी आम्हा दोघांना चीनमध्ये सुझोऊला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या कंपनीची दुभाषी मुलगी आम्हाला शहर दाखवायला घेऊन गेली. ती इंग्रजीत सांगायची, मी दादांना मराठीत.

आधी कालव्यातून नावेची फेरी झाली. दोन्ही काठांना पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची घरं. घराच्या दारातून पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. एक म्हातारी तिथं बसून भाजी धूत होती. दादा खूश झाले. "आमच्या कुरुंदवाडात पुराचं पाणी घरात घुसतंय. हितं घरंच पाण्यात उतरल्यात की!"

मग जुनी बाग. गोल चंद्रासारखी दारं, वाकडातिकडा पूल, खाली लाल मासे. तळ्याकाठी आरपार भोकं पडलेले उंच दगड उभे केले होते. असे दगड इथं फार मोलाचे मानतात, असं मुलीनं सांगितलं. दादा दगडाच्या भोकातून पलीकडं बघत म्हणाले, "ओतताना असली भोकं पडलेला माल आपण भंगारात टाकतोय भावा. ह्यांनी बागेत मांडलाय!" मी हसत होतो, तेवढ्यात चापटीचा आवाज आला.

पुलाच्या टोकाला एक माणूस बायकोला मारत होता. एका हातानं तिचे केस धरलेले, दुसरा तोंडावर चालू होता. माणसं बघत होती आणि वाट सोडून पुढं जात होती.

मी "दादा" म्हणेपर्यंत बाही वर गेली होती. पहिल्याच ठोशात त्या माणसाचं नाक फुटलं. तो कठड्यावर आदळला. दादांनी त्याला गळ्याला धरून पुन्हा उभा केला आणि दुसरा हात उगारला. तेव्हा ती बाई मध्ये आली. तिनं मिटलेली छत्री दादांच्या तोंडावर मारली, मग नखांनी गाल ओरबाडला. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती ओरडत होती.

"काय म्हणतीया ती?" दादांनी विचारलं.

दुभाषी मुलगी रडकुंडीला आली होती. तिनं सांगितलं, ते मी मराठीत केलं. "तुम्ही निघून जाल. मला ह्याच्यासोबत घरी जायचंय."

दादांचा हात खाली आला.

रखवालदार आले, पोलीस आले. माफी मागून आमची सुटका झाली. पुढं दादा कालव्याच्या पायरीवर बसले. गालावरचं रक्त पुसायलाही तयार नव्हते.

"आमच्यात भांडण झालं की शेजारचा सोडवाय यायचा," ते म्हणाले. "तर बायकोच आडवी यायची. त्याला म्हणायची, आमच्या घरातलं हाय, तू जा. मला वाटायचं, माया हाय म्हणून येतीया." त्यांनी वर सारलेली बाही खाली ओढली. "ती माया न्हवती भावा. शेजारी गेल्यावर दुप्पट मार बसंल म्हणून यायची."

परत आल्यावर पहिल्या सुट्टीला ते म्हणाले, "मलकापूरला सोड मला." मी माझ्या गाडीतून नेलं.

दारात तिचा भाऊ होता. "कशाला आलाईस?"

"तिला न्यायला न्हाय. चुकलो, एवढंच सांगाय आलोय."

भावानं कोपऱ्यातलं दांडकं उचललं. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. मी पुढं धावलो, तर दादाच ओरडले, "तू मधी यायचं न्हाय!" तिसरा डोक्यावर येताना त्यांनी उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

बायको उंबऱ्यावर उभी होती. सगळं बघत होती. ती आडवी आली नाही. दादा गुडघ्यांवर बसले, तेव्हा ती भावाला एवढंच म्हणाली, "बास आता."

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांच्या हातात सळई घातली. पोलिसांना ते घसरून पडलो म्हणाले. एका दुपारी मी बसलो असताना ती आली. स्टूल पलंगापासून लांब ओढून घेतलं, बसली. दादा छताकडं बघत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं.

डॉक्टर फेरीला आले. तिनं उठून विचारलं, "हात कसा हुईल ह्यांचा?"

"काही काळजी करू नका," डॉक्टर आनंदानं म्हणाले. "अगदी पहिल्यासारखा होईल."

"पयल्यासारखा," ती म्हणाली.

डॉक्टर पुढच्या पलंगाकडं गेले. तिनं पदर सावरला, पिशवी उचलली. मी तिला थांबवायला उठलो.

"बस खाली," दादा म्हणाले. "जाऊ दे तिला."

ती जिना उतरत होती. तिच्या चपलांचा आवाज येईनासा झाला तरी दादा दाराकडं कान देऊन पडून होते.