दादाच्या खोट्या बंदुका

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या बाजारात होते. आमच्या डाळिंबाचे क्रेट गाडीतून उतरत होते. "वन्सं, ह्ये गेलं वो..." एवढंच ती बोलली आणि पुढं नुसती रडत राहिली. मी फोन ठेवला, माल उतरवून घेतला, लिलाव होईपर्यंत थांबले आणि मग बारामतीची एसटी धरली. सख्खा भाऊ गेलाय आणि ही बाई लिलावाला थांबली, असं नंतर भावकीत बोललं गेलं. बोलू देत. सर्जेराव माझा थोरला भाऊ. माझा त्याच्यावर राग होता, आणि फोन आला म्हणून तो जागच्या जागी विझला नाही. आता महिना उलटून गेला तरी विझलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

जळोचीत त्याच्या घरापुढं मांडव घालून शोकसभा झाली. फ्लेक्सवर त्याचा हसरा फोटो आणि खाली 'आपल्या मातीतला थोर कलावंत'. गाव त्याला तात्या म्हणायचं, मी दादा. एकामागून एक माणसं उठली, तात्यांच्या हातात जादू होती म्हणाली. एकजण तर म्हणाला, तात्यांनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. मी पुढच्याच रांगेत बसले होते आणि शेजारी माझी लेक कोमल. मी उठून काहीतरी बोलेन या भीतीनं तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मग जित्या माणसाचं वाटोळं झालं, ते कुणी बोलायचं?

दादाची एमआयडीसीत शेड होती. गेट, ग्रिल, दुधाच्या टाक्यांचे स्टँड असली कामं तो करायचा आणि बरी करायचा. एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी आटून तळाची भेगाळलेली जमीन उघडी पडली, तेव्हा तिथं मुंबईहून सिनेमावाले आले. त्यांना परग्रह पाहिजे होता, तो त्यांना आमच्याकडं फुकटात मिळाला. परग्रहावरच्या सैनिकांच्या बंदुका ते पेटीत घालून घेऊन आले होते. त्यातली एक पडून मोडली, आणि वेल्डर शोधत त्यांचा माणूस दादाच्या शेडवर आला. दादानं ती जोडून दिली आणि वर सांगितलं, "हिच्यापेक्षा बरी मी करून देतो." तिथून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच.

मग काय, ऑर्डरीची गेटं अर्धवट पडून राहिली आणि हा पीव्हीसी पाइप, ठिबकचे फिल्टर, बुलेटचा सायलेन्सर असलं काय काय जोडत बसायचा. कुणीही भेटलं की त्याचं पुराण सुरू. कॅमेऱ्याजवळ दिसायची ती बंदूक लोखंडी, पळताना हातात द्यायची ती रबराची, आणि फेकून मारायची ती फोमची... सगळ्या एकाच रंगाच्या, बघणाऱ्याला फरक कळता कामा नये. सिनेमावाल्यांकडं थोड्या खऱ्या बंदुकाही होत्या, नुसता बार उडवायच्या. त्यांच्याबरोबर परवानावाला माणूस असायचा आणि काम झालं की त्या कुलपात जायच्या. दादा त्यांना नाकं मुरडायचा. "खरीत काय कला हाय? खरी काय, कारखान्यात हुती. खोटी खरी वाटली पायजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या बागेत ऐन फवारणीच्या वेळी पंप सापडेना. नवा कोरा पंप. आमच्या ह्यांनी गडीमाणसांवर संशय घेतला, शेजारच्या वस्तीवर जाऊन भांडून आले. पुढं सिनेमा लागला. बारामतीच्या थिएटरात जळोची निम्मी लोटली होती. पडद्यावर हिरो परग्रहावरच्या राक्षसाला गोळ्या घालतोय आणि दादा ह्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणतो, "दाजी, बघा बघा, तुमच्या पंपाची नळी!" सगळे हसले. ह्यांनाही हसावं लागलं, मेहुण्यापुढं करतील काय. मला नाही हसू आलं. शेजारच्या वस्तीवरची माणसं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. सिनेमा काही चालला नाही, तो भाग वेगळा.

एवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. पंप गेला, दुसरा आला.

कोमलला पोलीस व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही तिच्या तोंडात नव्हतं. बारामतीत भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत तिला घातली आणि राहायला मामाच्या घरी ठेवली. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायची, येऊन गोळाफेकीचा सराव, मग अभ्यास. दादाचा तिच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. तिच्यासाठी गोळा त्यानंच वजन करून बनवला होता. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. आता तेवढी चारित्र्य पडताळणी राहिली होती. वयाच्या अटीत तिची ही शेवटची भरती होती, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला तर माझ्याहून आधी, कारण ती रोज त्याच्याच ताटाशेजारी जेवायला बसत होती.

खंडेनवमीला आमच्याकडं कोयते, खुरपी, फाळ धुऊन पूजेला मांडतात, गाडीला हार घालतात. त्या वर्षी दादानं त्यात शूटिंगनंतर त्याच्याकडंच राहिलेल्या आपल्या बंदुका मांडल्या. त्यातली एक त्यानं सिनेमानंतर उघडी केली होती. वरच्या नळ्या आणि दिवे काढून टाकले आणि आतली बंदूक घासून, रंगवून अशी केली होती की पोलिसांच्या खांद्यावर असते ती आणि ही शेजारी ठेवली तर आईला लेकरू ओळखू येऊ नये. हळदीकुंकू वाहून झालं. मग हा कोमलला म्हणतो, "घे हातात, हुबी रहा. हुनाऱ्या फौजदारीणबाई." पोरीनं घेतली. मामानं दिली म्हणून घेतली. यानं फोटो काढला आणि आपल्या स्टेटसला टाकला, खाली लिहिलं 'आमची वाघीण'.

कुणीतरी तो फोटो पोलिसांना पाठवला. कुणी, ते मला आजही माहीत नाही आणि आता कळूनही काही उपयोग नाही. ठाण्यातून बोलावणं आलं. मी इंदापूरहून धावत आले. मी, दादा, कोमल असे तिघं साहेबांसमोर बसलो होतो, बंदूक टेबलावर ठेवलेली. साहेब माणूस चांगला होता. कोमलकडं बघून म्हणाला, "हिचं भरतीत नाव आहे ना? तात्या, ही खोटी असेल तर तसं सांगा, दोन ओळी लिहून द्या आणि पोरीला घेऊन जा."

इतकंच करायचं होतं. खोटी हाय साहेब, असं म्हणायचं होतं.

दादा हसला. खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "साहेब, तुमीच वळखा की."

मी त्याच्या पायाला पाय लावला. त्याचं लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी बंदूक उचलून त्यानं तिचा खटका ओढला, खाडकन आवाज झाला आणि दारातला शिपाई एकदम भिंतीला टेकला. दादाच्या तोंडावर काय आनंद... "बघा, पोलीस बी दचकला!" साहेबांचा चेहरा मी बघत होते. तो हळूहळू कडक होत गेला. मग त्यांनी पंचनाम्याचे कागद मागवले. बंदूक जप्त झाली, तपासणीला गेली आणि चौकशीच्या कागदात, बंदूक हातात धरलेली म्हणून, कोमलचं नाव लागलं. पडताळणी तिथंच अडकली. पुढं बऱ्याच उशिरानं अहवाल आला, की या बंदुकीतून गोळी सुटूच शकत नाही. तोवर तिच्या जागी दुसरी पोरगी भरती झाली होती आणि कोमलचं वय निघून गेलं होतं. आता ती इंदापूरजवळ एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासते.

ठाण्यात गेलो त्याच दिवशी कोमलला घेऊन मी दादाचं घर सोडलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो आमच्या दारात आला तर मी आतून कडी लावली. तो ओट्यावर थोडा वेळ बसला, पिशवी ठेवली आणि गेला. 'चुकलं' हा शब्द काही बोलला नाही. तो आजारी पडल्यावर ह्यांनी फारच लावून धरलं म्हणून दवाखान्यात गेले. पार वाळला होता. "सुमे, डाळिंब कसं हाय अवंदा?" म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे. तेल्या रोग आलाय का, फळ केवढं आहे, छाटणी कधी केली... मी उत्तरं देत होते आणि वाट बघत होते. मग तो कोमलकडं वळला. "पळतीस का गं अजून?" ती म्हणाली, "व्हय मामा." त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी उठून बाहेर आले. तीच शेवटची भेट.

तेराव्यानंतर मुंबईहून एक माणूस टेम्पो घेऊन आला. कुठल्याशा नव्या सिनेमाला दादाच्या बंदुका भाड्यानं हव्या होत्या. वहिनीनं किल्ली दिली, मी आणि कोमल त्याच्याबरोबर शेडवर गेलो. बंदुका पोत्यात गुंडाळून भिंतीला ओळीनं टांगलेल्या होत्या. त्यानं एक सोडली, बघितली, तशीच खाली ठेवली. दुसरी सोडली. मग घाईघाईनं सगळ्याच सोडायला लागला. "हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. मी जवळ गेले. प्रत्येक बंदुकीच्या नळीवर ग्राइंडरनं खोल अक्षरं कोरलेली होती. 'खोटी'. लोखंडीवर कोरलेली, रबराच्यावर सुरीनं कापलेली, फोमच्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेली. दादाचंच अक्षर, ट ला पोट जास्त. तो माणूस म्हणाला, एवढं खोल आहे की भरूनही कॅमेऱ्यात दिसेल, या आता काही कामाच्या नाहीत. मोकळा टेम्पो घेऊन गेला.

घरी येऊन मी वहिनीला विचारलं. ती भाकरी थापत होती. "त्या भाऊबीजंवरनं आलं आन दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन बसलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, हातानं केलेलं का वाटोळं करताय? तर म्हनले, खरी का खोटी, आता कुनाला इचारायची पाळी न्हाय येनार."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं येत हुता, वन्सं?"

वाचणाऱ्याला वाटेल, आता हिचा राग गेला असेल. नाही गेला. उलट वाढला. म्हणजे त्याला कळत होतं तर. कळत असूनही माझ्या ओट्यावर बसून तो मुका राहिला आणि साहेबांपुढं न निघालेला तो शब्द घेऊन शेडवर गेला.

कोमलनं त्यातली एक घरी आणायचं ठरवलं. पोत्यात गुंडाळून तिनं ती आणली. ती आमच्या दाराआड उभी आहे. केर काढताना ती मला रोज उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि बरीच जड आहे. कोमल तोवर गेटवरच्या ड्यूटीसाठी खाकी शर्टाला इस्त्री करत असते. अक्षरं माझ्या हाताला लागतात आणि मी त्याला विचारते... दादा, लोखंडावर कोरून काय केलंस? लोखंडाला कुठं पोलीस व्हायचं होतं?