चाकामागचे दगड

शनिवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलोच होतो. स्नेहल, माझी भाची, पाचपर्यंत पोचते म्हणाली होती आणि साडेसहा वाजून गेले होते. भिंगार ते देवळाली प्रवरा, स्कूटीवर फार तर सव्वा तास. बायकोने थालीपिठाचं पीठ मळून झाकून ठेवलं होतं. फोन आमच्या दूधवाल्याचा होता. "सर, पाटाच्या पलीकडं या. तुमची भाची पडलीय... लवकर या." पडलीय म्हणाला, म्हणून मी कापूस आणि मलम घेऊन निघालो. चाळीस दिवस होऊन गेले, ती मलमाची ट्यूब अजून माझ्या डिकीत आहे. ती दिसली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

स्नेहल जागीच गेली, पण तिला कुणी धडक दिली नाही. रस्त्यात चार दगड पडले होते. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की हे दगड रस्त्यावर येतात. भरलेली ट्रॉली पंक्चर झाली की गडी बांधावरून डोक्याएवढे धोंडे आणतात. दोन चाकामागे, दोन मागे रस्त्यात, कुणी येऊन धडकू नये म्हणून. चाक बदललं की ट्रॉली कारखान्याकडे निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. ज्यांनी दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून ते मांडले, त्यांनाच ते उचलायचं सुचत नाही. लोकांना ते दोन दिवस दिसत होते. "परवा हितं ट्रॉली बसल्ती, तवाचे हायेत ते," असं एकाने मला तिथेच, तिच्या चपलेशेजारी उभं राहून शांतपणे सांगितलं. म्हणजे दोन दिवस सगळा गाव त्यांना वळसा घालून जात होता! कागदावर मात्र 'दुचाकी घसरून' एवढंच लिहिलं गेलं. दगडाला नंबरप्लेट नसते. आणि ज्याला त्याला विचारायचं होतं एकच, हेल्मेट होतं का? होतं हो. चांगलं पट्टा लावलेलं होतं.

स्नेहल सत्तावीस वर्षांची होती. नगरमध्ये डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आली की हिला राहुरीच्या स्टँडवर न्यावं लागायचं. तिथे भिंतीवरचं एसटीचं वेळापत्रक ती गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं वाचायची, आणि मग घरी येऊन मामीला विचारायची, "मामी, बोरिवली गाडी मध्ये कुठेच का थांबत नाही गं?" कमवायला लागल्यावर ती सुटलीच. हंपीला एकटी गेली, तेही एसटी बदलत बदलत. पाथर्डीला तपासणीचं शिबिर असलं की स्वतःहून नाव द्यायची, कारण परतीला मोहटादेवीच्या डोंगराकडून यायला मिळायचं. त्या शिबिरात ऊसतोडीला निघालेल्या एका बाईला चष्मा लावल्यावर ती बाई म्हणाली होती, "बया, माज्या हाताला एवढ्या भेगा हायेत व्हय?" हे सांगताना स्नेहल आधी हसली आणि मग मामीचे हात हातात घेऊन बघत बसली.

माझी आणि तिची भांडणं पुस्तकांवरून. मी मास्तर माणूस, पुस्तकांना खाकी कव्हर घालून नंबर टाकून ठेवणारा. ती दर महिन्याच्या एका शनिवारी यायची, चार पुस्तकं न्यायची आणि चारही नासवून आणायची. एकात धनुष्कोडीची वाळू निघाली. दुसऱ्याच्या पानांना कुठल्याशा घाटातल्या भज्यांचं तेल. मी बोललो, चांगला ताडताड बोललो. ती म्हणे, "मामा, कपाटात बसून पुस्तकं तुझ्यासारखी होतात. कव्हर चांगलं, पण कुठं गेलेलं नाही." मी नगर जिल्ह्याबाहेर किती वेळा गेलोय हे तिला बोटांवर मोजता यायचं, आणि ती मोजून दाखवायची.

ती घरच्यांनाही सोडायची नाही. ताईला, म्हणजे तिच्या आईला, तिने कन्याकुमारीला नेलं. ताई निघेपर्यंत कुरकुरत होती की पाच दिवस घर वाऱ्यावर, दाजींच्या जेवणाचं काय. दाजी भिंगारच्या लष्करी डेपोत नागरी नोकरीत होते, आयुष्यभर वेळेवर डबा उघडलेला माणूस. त्या पाच दिवसांत ते पिठलं शिकले. परत आल्यावर ताईने समुद्राचं काही सांगितलं नाही, नुसतं एवढंच म्हणाली, "रेल्वेत मला कुणी उठवलं नाही रे. मी उजाडेपर्यंत झोपले." बत्तीस वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदा अशी झोप लागली, ती लेकीने दिलेली.

आणि अशा पोरीला आता काय म्हणतात? दहाव्याला पाथर्डीहून आलेल्या तिच्या आत्याने सुरुवात केली. "मी तवाच म्हनले हुते. पोरीच्या जातीला एवढं फिरनं बरं न्हाई." मग एकाने री ओढली, दुसऱ्याने मान हलवली. फिरण्याचीच हौस नडली म्हणे! अहो, ती हंपीहून धड आली, धनुष्कोडीहून धड आली. मेली ती मामाच्या घरापासून दीड किलोमीटरवर. पण दुःखात असलेल्या बापाच्या कानात एकच गोष्ट चार वेळा घातली की ती आत जाऊन बसते. स्नेहलची धाकटी बहीण साक्षी, तिला दापोलीला रोपवाटिकेचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं होतं. फॉर्म स्नेहलनेच बसून भरून घेतला होता. वडिलांची सही तेवढी राहिली होती. दाजींनी तो फॉर्म घडी घालून कपाटात टाकला आणि किल्ली खिशात ठेवली. "एक गेली तेवढी पुरे," म्हणाले. साक्षी रडलीसुद्धा नाही. ती भांडी घासायला उठली, आणि ते मला बघवलं नाही.

मुदत संपायला तीन दिवस उरले तेव्हा मी भिंगारला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते वेगळंच. "दाजी, तिला फिरण्याने मारलं नाही. आमच्यासारख्यांनी मारलं."

"म्हणजे?"

मग सांगितलं. डिसेंबरात आमच्याच उसाची ट्रॉली पाटाच्या पुलाजवळ बसली होती. धोंडे मी स्वतः वाहिले. मास्तर असून हाताला माती लागू दिली याचं कौतुकही करून घेतलं. नवा एक्सल बसवला, ट्रॉली निघाली, आणि मीही घरी येऊन आंघोळ करून चहा प्यायलो. स्नेहल ज्यावर पडली ते दगड दुसऱ्याचे, पुलापासून अर्धा किलोमीटर नगरच्या बाजूचे. एवढाच काय तो फरक, आणि त्यात माझी काही हुशारी नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून परतताना पाहिलं, तर माझे चारही दगड जागेवर होते. त्या शनिवारी ती वाचली असती, तर पुढे माझ्या दगडांशी तिची गाठ होती.

 दाजी शिव्या देतील असं वाटलं, द्यायला हव्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग उचललेस का?"

"नाही," मी म्हणालो. नव्हते उचलले. रोज त्या पुलावरून शाळेत जात होतो आणि रोज गाडी बाजूने काढत होतो. थांबायचा धीर होत नव्हता. लोकांवर एवढा भडकलेला मी, आणि वळसा मीही घालतच होतो.

"ऊठ," दाजी म्हणाले.

स्कूटरवर माझ्या मागे बसून ते आले. दुपारचं ऊन होतं. मला त्यांनी एकही दगड उचलू दिला नाही. साठी उलटलेला माणूस, एकेक धोंडा पोटाशी धरून बांधापलीकडे टाकत होता, आणि मागून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. एकाने ओरडून विचारलं, "काय हरवलंय का बाबा?" दाजींनी पुढचा धोंडा उचलला. स्नेहल कुठे पडली ते दाखवू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. भिंगारला घरी पोचल्यावर हातही न धुता त्यांनी किल्ली काढली आणि साक्षीला हाक मारली, "सही कुठं करायचीय ते दाखव." फॉर्मवर मातीचा अंगठा उमटलाय. तो तसाच स्वीकारला गेला.

साक्षी गेल्या सोमवारी दापोलीला गेली. तिला एसटीत बसवून मी ताईकडेच थांबलो होतो. स्नेहलची एक सवय होती. कुठेही पोचली की ती आईला 'पोचले' असं सांगायची नाही. खिडकीतून काय दिसतंय तेवढंच सांगायची. आई, नारळ दिसतायत. आई, एक बाई म्हशीला नदीत धुतेय. ताई ओट्याशी उभी राहून हं हं करायची, आणि फोन ठेवल्यावर आम्हाला सगळं असं सांगायची जसं काही तीच जाऊन आलीय. रात्रीच्या स्वयंपाकाआधी साक्षीचा फोन आला. पोरीने बहिणीसारखंच सुरू केलं, "आई, समोर मोठं आंब्याचं झाड आहे, आणि..."

"ते नंतर सांग," ताई म्हणाली. "आधी सांग, रस्ता कसा होता?"

स्नेहलला हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.